लेकीनं पाळलेला करार

चाकणच्या कंपनीत मी युनियनचा कमिटी मेंबर. पगारवाढीचा करार झाला की आमच्या गेटवर गुलाल उधळतात, पेढे वाटतात, आणि त्या गर्दीत मी सगळ्यात पुढे असतो. त्यामुळे सातवीतल्या लेकीशी मोबाईलवरून रोज खडाजंगी व्हायला लागली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तिकडं साहेबांशी लेखी करार करता, मग घरातच का ओरडता?" मला ते पटलं.

रविवारी चिखलीच्या आमच्या घरात बैठक बसली. आयुष्यात पहिल्यांदाच मी मॅनेजमेंटच्या बाजूला होतो आणि खरं सांगतो, मजा येत होती. घासाघीस होणार म्हणून मी मुद्दाम जास्तीचं लिहिलं होतं. शाळेतून आल्यावर मोबाईल नाही, दुपारी अभ्यास, स्वतःचं ताट स्वतः घासायचं. पोरीची एकच मागणी होती, पप्पांनी ओरडायचं नाही. बाकी सगळं तिनं निमूट मान्य केलं आणि सही ठोकली. मी लगेच पेढे आणले.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो. एरवी मी चहाला बसलो की ती समोर येऊन शाळेतलं सगळं सांगायची, कोणाची कट्टी झाली, कोण वर्गाबाहेर उभं राहिलं. माझा शीण तिथंच उतरायचा. आज ती आतल्या खोलीत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "पप्पा, अभ्यासाची वेळ आहे." मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. ताटं चकाचक, घर शांत, आणि मला करमेना.

बोलणी फिसकटली की आम्हीही कंपनीत हेच करतो. नियमात लिहिलंय तेवढंच काम, त्यापलीकडे एक नट आवळायचा नाही. साहेब रडकुंडीला येतात. आता माझी पाळी होती, आणि बायको तोंड दाबून हसत होती.

शेवटी मीच नमलो. आत जाऊन म्हणालो, "एक कलम वाढवू या. दुपारी चहाच्या वेळी पप्पांशी गप्पा मारायच्या."

"ते नको लिहायला."

"का गं?"

"लिहिलं तर बोलावंच लागेल ना. मला असंच बोलायला आवडतं तुमच्याशी."

मला फार बरं वाटलं. ती उठून बाहेर आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि आठवड्याचं साचलेलं सांगत सुटली. चहा गार झाला, अभ्यासाची वेळ टळून गेली, आणि मी तिला एकदाही आठवण करून दिली नाही.