कुंपणातलं फाटक

आमच्या गावाच्या खालून पवना वाहते. कारखान्यासाठी जमिनी गेल्या आणि नदीच्या वाटेवर तारेचं कुंपण आलं. आम्हा बायकांना पाण्यासाठी मोठ्या रस्त्यानं लांबचा वळसा पडू लागला. धाकट्या जावेला सातवा महिना होता. एकदा भरला हंडा डोक्यावर असताना ती वाटेतच मटकन खाली बसली. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, या कुंपणाला फाटक पाहिजे.

गावची पुरुषमंडळी आमदारांकडे जाऊन आली होती. चहा पिऊन आली, एवढंच. आमदार माझ्या माहेरचे, चाकणच्या बाजूचे. गावची लेक म्हणून मी त्यांची बहीण लागते. सासूबाई म्हणाल्या, "हिलाच धाडा."

शेजारीण हसली. "आत्याबाई, ही तर कुत्र्याला पण हाड म्हणत न्हाई."

"तुझ्यावानी बोलकी असती, तर धाडलीच नसती. आमदार घर सोडून पळाला असता."

सुनेला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मामंजी सोबत आले. इथंच आमचं चुकलं, पण तिथं पोचेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमदारांच्या ओसरीवर बरीच माणसं होती. मला पाहून ते म्हणाले, "अगं, खालच्या आळीची न्हवं का तू? ये की. काय काम काढलंस?"

मामंजी शेजारीच बसलेले. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी आवाज काढला नव्हता. पदर पुढं ओढून उभी राहिले. मामंजी खाकरले. मी जमिनीकडे बघत होते. मग तेच उठले. "परतीची एस.टी. कवा हाय, बघून येतो," म्हणाले आणि भर उन्हात समोरच्या पिंपळाखाली आमच्याकडे पाठ करून बसले.

मी पदर मागं सारला.

"दादा, आमच्या नदीच्या वाटेवर कुंपण घातलंय. त्यात फाटक पाहिजे."

"व्हय, तुमच्या गावचे लोक येऊन गेलेत. बघतो मी."

"कधी?"

ओसरीवरची माणसं हसली.

"कारखान्याच्या साहेबाशी बोलावं लागतं, बाई. तू आत जा, वहिनीला भेट. ओटी भरल्याबिगर जायचं न्हाई."

वहिनींनी कुंकू लावलं, खण-नारळ पुढं केला. मी पदर पसरलाच नाही.

"वहिनी, आज नको. फाटक बसल्यावर भरा."

माहेरची ओटी कुणी नाकारतं का? त्या तशाच दाराशी गेल्या. "अहो, ऐकलंत का? तुमची बहीण रिकाम्या ओटीनं चाललीय."

दादा उठून उंबऱ्यापाशी आले. "लई हट्टी हायस."

"जावेला सातवा लागलाय, दादा."

त्यांनी वहिनींच्या हातातल्या खण-नारळाकडे पाहिलं. "सोमवारी साहेबाला घेऊन येतो. वाट तूच दाखवायची."

"मामंजी नसले तर दाखवीन."

परतताना एस.टी.त मामंजींनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "झालं का बोलून?" मी मान हलवली.

सोमवारी मोटार आली तेव्हा मामंजी भाकरी बांधून केव्हाच रानात गेले होते. मी पुढं चालले, कुंपणाला हात लावला आणि साहेबांना म्हटलं, "इथं."

जावेचे दिवस भरायच्या आत फाटक बसलं. हंडा घेऊन एक बाई जाईल एवढंच रुंद. वहिनी स्वतः आल्या, आणि मी पदर पसरला.