बाबा जवळ बसले की माती पाणी पिते

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. अमावस्येला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर तशीच पुढे जाते. माझं कामच मुळी मोजमापाचं... शेतातलं पाणी चिकणमातीत किती वेगाने मुरतं ते बघायचं. ऑफिस बेलापूरला. पण हा अनुभव घरचाच आहे. हसलात तरी चालेल.

माझं सासर बोनकोड्याचं. गावामागे सासऱ्यांचा भाजीचा एक तुकडा उरलाय, चारी बाजूंनी बिल्डिंगा. बोअरच्या पाण्यावर मेथी, मुळा. गेल्या हिवाळ्यात पाणी वाफ्यातच साचायला लागलं, मेथी पिवळी पडली. माझा दीर नितेश टपूनच होता — भराव टाकू, पार्किंग करू. शेवटी बाबा थकून म्हणाले, सूनबाईला मोजू दे. जमीन पाणी पीत नसेल तर टाका भराव. झालं! बाबांचा मळा माझ्या मोजपट्टीवर आला.

रविवारी सकाळी एकात एक अशी दोन लोखंडी कडी मातीत ठोकली, पाणी भरलं, आत पट्टी लावली. चिकणमाती भिजली की फुगून गच्च होते. पाणी ढिम्म हलेना. मला रडूच येत होतं, खरं सांगते. तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले, कड्याशी उकिडवे बसले आणि मातीशी गप्पा सुरू! बांधावरची जुनी भांडणं, सासूबाई चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कशा पकडायच्या... आणि पाणी उतरायला लागलं. डोळ्यांदेखत.

हे काय चाललंय, मी विचारलं.

"जेवनाऱ्याला एकटा टाकून उठत नाय आपून," बाबा म्हणाले. "पानी दिला तं जवल बसाला नको?"

आमच्याकडे ही पद्धत आहेच. कितीही उशिरा कोणी जेवो, ताटाशेजारी घरातलं एक माणूस बसतंच. पण माती?

बाबा उठले की पाणी थांबायचं, बसले की उतरायचं. म्हटलं, वजनाने भेग उघडत असेल. म्हणून नितेशला बसवलं, तो बाबांच्या दीडपट. काही नाही. बोलायला लावलं, तर पठ्ठ्याने पार्किंगचा प्लॅन सांगितला. पाणी ढिम्मच. कडी हलवली, गळती तपासली, पट्टी बदलली... तेच!

नितेश म्हणाला, बाबांची काहीतरी हातचलाखी असणार. मग पुढच्या वेळी बाबा आत्याकडे उरणला गेलेले असताना मोजलं. पाणी जागचं हलेना. नितेश खूश. मी म्हटलं, एकदा फोन लाव. त्याने हसत हसत लावला, मातीशी बोला म्हणाला आणि स्पीकरवर टाकून कड्याशी धरला.

"कोन, ती हाय का? जेवली का गो?" बाबांनी सुरुवात केली, आणि पट्टीवरचं पाणी खाली सरकलं. नितेशने चिखलातच मांडी घातली. थोड्या वेळाने बाबा फोन ठेवायला लागले, आत्याने ताट वाढलं होतं.

"बाबा, ठेवू नका," नितेश हळूच म्हणाला. "पितेय ती."

भराव काही आला नाही. मेथी परत हिरवी झाली. आवाजाची कंपनं म्हणावीत, तर नितेशचा आवाज काय कमी आहे? ऑफिसात सगळ्यांना विचारून झालं, कारण आजही सापडलेलं नाही.

हल्ली पाणी सोडलं की नितेशही बाबांच्या बाजूला जाऊन बसतो. परवा बाबा तापाने पडून होते, तर एकटाच बसला. बराच वेळ गप्पा मारल्या आणि मग मला हाक मारली, "वहिनी, हललं वाटतं जरा."

मी धावत जाऊन पट्टी बघितली. केसभरच, पण खरंच उतरलं होतं.