चिपच्या खोलीत भंडारा

सुंदराचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मेंढ्यांखालचं लोटायचं, भाकरी थापायच्या, आंघोळ करायची आणि साडेपाचला चांद्याच्या फाट्यावर कंपनीच्या बससाठी उभं राहायचं. तीन वर्षांत तिची बस एकदाही चुकली नाही. मी चौतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढली. ही साधी गोष्ट नाही, एवढं मला कळतं.

ती आमची शेजारीण. नवरा धुळाजी मेंढरं राखतो. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात. बिबट्या ती सहज ओलांडतो. दरवर्षी तीन-चार कोकरं जायची, म्हणून धुळाजी बारा महिने बाहेरच झोपायचा. सुंदराला एक पक्का मेंढवाडा हवा होता. नोकरी धरली ती त्यासाठी.

मोबाईल-संगणकातल्या चिप आपल्याच देशात बनवायच्या असं ठरल्यावर एक नवी कंपनी इकडे आली. चिप कापून, वेष्टनात बंद करून तपासण्याचं काम तिथं एका काचेच्या बंद खोलीत चालतं. त्या खोलीच्या सफाईला सुंदरा लागली. डोळ्याला न दिसणारी धूळ पडली तरी माल वाया जातो. त्यामुळे कुंकू, पावडर, बांगड्या, काही चालत नाही. पुसायचं एकाच दिशेनं. फडक्याची घडी घालायची, प्रत्येक ओढीला कोरी बाजू घ्यायची, हात मागं आणायचा नाही, नाहीतर उचललेली धूळ परत पसरते. मी तिला ओट्यावर पुसून दाखवायला लावलं. ओढी सरळ होत्या.

चूक झाली बिरोबाच्या जत्रेनंतर. भंडारा उधळला होता. तिनं दोनदा डोकं धुतलं, तरी केसांच्या मुळाशी हळद राहिली. दुसऱ्या दिवशी ती आत गेली आणि अर्ध्या तासात हवेतले कण मोजणारं यंत्र वाजलं. काम थांबलं. सुपरवायझर स्वानंद, नगरकडचा तरुण, सगळ्यांना बाहेर घेऊन विचारू लागला. कुणी म्हणालं, फिल्टर गेला असेल. सुंदरानं डोक्यावरची कामाची टोपी उतरवली. आतली शिवण पिवळी झाली होती.

"सर, फिल्टर नगा खोलू. भंडारा हाय ह्यो. माझ्या डोक्यातला."

"मावशी, गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं."

"आन् तुमी दिसभर फिल्टर खोलत बसला असता."

"मला आता वर रिपोर्ट करावा लागेल."

"करा की. फकस्त देवाचं नाव नगा लिहू. माझं लिहा."

तिला खोलीतून काढून बाहेरच्या झाडलोटीवर टाकलं. पगार उतरला. महिनाअखेर ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

"देवानंच घालवली म्हणायची नोकरी," धुळाजी म्हणाला.

"देव काय माझ्यासंगं बसमदी आला न्हवता. मीच डोकं नीट धुतलं न्हाई."

चूक तिचीच होती. मीही तिला तसं सांगितलं. ती "व्हय" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. बाहेरचा रस्ताही ती एकाच दिशेनं झाडायची.

तिच्या जागी राजू आला. अंगानं दणकट, हात चपळ. सुंदराचं दोन तासांचं काम तासात उरकायचा, कारण गोल गोल पुसायचा. यंत्रावरचा आकडा तीन आठवडे खाली येईना. शेवटी स्वानंद एक पूर्ण पाळी काचेबाहेर उभा राहून त्याचा हात बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुंदराला पुन्हा आतल्या कामावर बोलावलं. अट एकच: जत्रेला गेलेल्या कुणीही नंतर तीन दिवस आत यायचं नाही, आणि त्या दिवसांचा पगार नाही. सुंदरा म्हणाली, "चालंल. तीन दिस लोकर तरी कातरून हुईल."

पुढच्या सव्वा वर्षाच्या पगारातून मेंढवाडा उभा राहिला. काळ्या दगडाचं जोतं, चारी बाजूंना लोखंडी जाळी, वर पत्रा. ओळंबा मी धरला. एक कोपरा बोटभर बाहेर गेला होता. गवंडी म्हणाला, मेंढरांना काय कळतंय. सुंदरानं तो कोपरा पाडून पुन्हा बांधून घेतला. या वर्षी एकही कोकरू गेलं नाही, आणि धुळाजी घरात झोपतो.