तोंड दिसेल असा फोटो

माझं अक्षर गिचमिड आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

ग्लासगोत आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक मराठी फोटोवाले राहायचे. एकटेच. मी पोळ्या द्यायला गेले की कॅमेरा उचलायचे आणि डावा हात हलवायचे, "इकडे बघू नका ताई. तुमचं चालू द्या." माझं काय चालू असणार? मी डबा धरून उभी!

दर उन्हाळ्यात ते अमेरिकेला जायचे. भिंतीभर तिथले फोटो, पण उंच इमारत एक नाही. लाँड्रीत पेंगणारी बाई, पेट्रोल पंपावर सँडविच खाणारा म्हातारा.

"अहो दादा, एवढं तिकीट काढून जाता, आणि हेच?"

"त्यांना यात बघण्यासारखं काही वाटत नाही ताई. मला मात्र वाटतं, मी तिथला नाही ना."

पण त्या लाँड्रीतल्या बाईच्या फोटोपुढून आपण हळू चालावं, तिची झोप मोडेल, असं वाटायचं. म्हणून मला फोटो त्यांच्याकडूनच हवा होता. गावी आईला माझा फोटो भिंतीला लावायचा होता. मुलाने मोबाइलवर काढून, छापून पाठवला, तर आई फोनवर म्हणाली, "अगं, पोलिसांनी धरल्यासारखी काय उभी?" कॅमेरा दिसला की माझं तोंड तसंच होतं.

लाजत लाजत दादांना कितीदा सांगितलं, माझा एक फोटो काढा. शेवटी त्यांनी पाकीट दिलं. आत मी पाठमोरी, तव्यापुढे, मुलाचा जुना लोकरी जंपर घालून! डबा परत द्यायला वर आले, तेव्हा मला न कळता काढलेला.

"समोर बघितलंत की तुम्ही तुम्ही राहत नाही ताई," म्हणाले.

फोटो चांगला होता, म्हणून जास्तच राग आला. तरी पाठवला. आई रडायलाच लागली. "तोंड का लपवलंस? काय झालंय तुला तिथे?"

हे सांगायला खाली गेले आणि माझा आवाज चढला. "तुमची कला ठेवा तुमच्यापाशी. माझ्या आईला माझं तोंड बघायचंय!"

त्यांनी कॅमेरा उचलला आणि जिन्यातल्या खिडकीशी मला उभं केलं. रागाच्या भरात मी लाजायचंच विसरले. "हा आला बघा फोटो!" दादा म्हणाले. "अमेरिकेहून आलो की रीळ धुतो."

तिकडेच वारले ते. कुठल्याशा लहान गावात, हॉटेलच्या खोलीत, झोपेत.

त्यांचा भाचा येऊन खोकी व्हॅनमध्ये भरत होता. मी चहा घेऊन गेले, तेव्हा रिळांचं खोकं त्याच्याच हातात होतं. विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "साखर चालते ना?"

व्हॅन गेली. आई दर रविवारी फोनवर विचारते, फोटो झाला का. मी सांगते, दादा अजून अमेरिकेतच आहेत.