आर्डकॅरिकांच्या वंशावळीत आमची भागीरथी

परळच्या एसटी डेपोत बुधवारी सकाळी उतरले तेव्हा पिशवीत वर आमसुलं होती आणि तळाला पत्रकं. आमसुलं सुलूमावशीसाठी. पत्रकं तिला दिसू नयेत म्हणून तळाला. आजवर स्वतःचं पत्रक मी कुणापासून लपवलं नव्हतं. हे पहिलंच.

कोळंबवाडीकरांनो, ते तुम्ही वाचलं आहे. देवळाबाहेर उभं राहून मीच वाटलं होतं. ‘गोऱ्या साहेबाची राणी आणि आमची भागीरथी.’ शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या गावची भागीरथी मुंबईला गिरणीत कामाला गेली. तिथे ॲलन आर्डकॅरिक नावाचा स्कॉटिश साहेब यंत्रं बघायचा. हा तिकडच्या एका अर्लचा (पिढीजात जहागीरदाराचा) धाकटा मुलगा, घरच्यांशी भांडून आलेला. भागीरथीला त्याच्यापासून दिवस गेले आणि मुलगी जन्मायच्या आधीच साहेब तापाने मेला. आर्डकॅरिकांच्या छापील वंशावळीत त्याच्यापुढे एकच ओळ आहे : ‘पत्नी एलस्पेथ, माहेर अज्ञात, संतती नाही.’ आणि आपण काय केलं? आपण तिच्या नावाने आंघोळ केली. तिकडे छापलं नाही, इकडे पुसलं. फरक काय तो मला सांगा.

आता त्या वंशावळीची नवी आवृत्ती निघते आहे. सध्याच्या अर्लची चुलतबहीण इसोबेल ही ते काम करते, आणि त्यासाठी ती मुंबईत आली होती. हायस्कूलच्या सरांनी पत्रकाचं इंग्रजी करून दिलं, ते मीच तिला पाठवलं होतं. तिने कळवलं, गुरुवारी दुपारी भेटू, संध्याकाळी माझं विमान आहे. म्हणजे जे काही व्हायचं ते एका दुपारी.

डेपोतून लालबागमार्गे काळाचौकीला चालतच गेले. मसाल्याच्या दुकानांसमोरून जाताना मिरचीच्या खाटाने (उडणाऱ्या तिखट पुडीने) सहा वेळा शिंकले. पुढे एका गिरणीचं धुराडं तेवढं उभं ठेवलं आहे, त्याच्या पायाशी काचेचा टॉवर. धुराड्याला रोषणाई केली आहे. माणसं काढली आणि धुराडं सजवलं. मी रस्त्यात थांबून त्याच्याकडे इतकी रागाने बघत होते की मागचा हातगाडीवाला म्हणाला, “ताई, बघायचंय तर बाजूला होऊन बघा ना.”

सुलूमावशी भागीरथीची नात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं.

“इलंस गो चेडवा? पाय धू आधी. मगे भाषण कर.”

माझी ख्याती माझ्याआधी पोचली होती.

ती पितळेच्या मोठ्या परातीत तांदळाच्या भाकरीचं पीठ मळत होती. बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी. जेवताना तिने सरळ सांगून टाकलं, तिला काय हवं ते. “माका त्यांचा घर नको, जमीन नको. माझ्या आईक आख्खो जन्म लोक ‘ठेवलेलीचा पोर’ म्हणीत रवले. ती शाळेत गेली नाय त्या एका शब्दापायी. तो शब्द पुसून दी. बास.”

मी मान खाली घातली. तो शब्द कुठे आहे ते मला माहीत होतं. पिशवीच्या तळाला, मथळ्याखाली, ठळक टायपात.

त्याचं असं झालं. घराण्याच्या संकेतस्थळावर मी ‘पत्नी एलस्पेथ’ वाचलं आणि पेटलेच. साहेबाची गोरी बायको होती तर. मग आपली भागीरथी कोण? आणि मी लिहून टाकलं : ‘गोरी राणी कागदावर, आमची भागीरथी रखेल म्हणून अंधारात.’ वाक्य जमलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. मावशीला विचारायला मात्र मी फोनसुद्धा केला नव्हता.

जेवण झाल्यावर परात घासायला घेतली. राखेला हात घातला तर मावशी आतून ओरडली, “चिंचेन घास गो, राखेन नको. मागची अक्षरां जातली.” बुडाला ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी कोरलेलं बोटांना लागलं. आपल्याकडे घरोघर भांड्यांवर नावं असतात, त्यातलंच हे एक. मी तिला घरदुरुस्तीच्या कायद्यावर काहीतरी समजावत होते. तोंड चालू होतं, डोळे नव्हते.

गुरुवारी गिरगावला निघाले. बस उलट्या दिशेची पकडली आणि शिवडीला पोचल्यावर कळलं. परत फिरून ठाकूरद्वारला उतरले तर चपलेचा अंगठा तुटला. इसोबेल एका वाडीतल्या जुन्या अतिथीगृहात उतरली होती. तिथे मी एक चप्पल हातात घेऊन, अर्धा तास उशिरा गेले. साठीची, उंच, सुती झगा, केसांचा कसाबसा बांधलेला बुचडा. मला वाटलं होतं हिरेमोती असतील. तिने माझ्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाली, “आधी मोची.” नाक्यावरच्या मोच्यापाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी एका पायावर.

मग शेजारच्या खाणावळीत बसलो. तिने थालीपीठ मागवलं, लोणी बोटाने चाटलं, आणि टेबलावर एक कागदाची गुंडाळी उलगडली. उलगडतच गेली. पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी आपला पियूषचा पेला उचलून जागा करून दिली. आर्डकॅरिकांचं पाचशे वर्षांचं झाड होतं ते.

“हा मूळ पुरुष,” ती म्हणाली. (इंग्रजीत बोलत होती, मराठी माझं.) “शेजाऱ्यांच्या गाई चोरायचा. इतक्या चोरल्या की राजाने त्याला दरोडेखोर म्हणण्याऐवजी जहागीरदार केलं. हा त्याचा नातू, याने देऊळ जाळलं. हा फितुरीत फाशी गेला. आणि हा पाचवा अर्ल. याने तीन खोऱ्यांतली कुळं घरांना आगी लावून हाकलली आणि तिथे मेंढ्या सोडल्या. लोकर विकायची होती.”

“आमच्याकडे माणसं काढून टॉवर लावतात,” मी म्हटलं.

“पाहिले. मेंढ्या निदान दिसायला बऱ्या.”

हसावं की चिडावं मला कळेना. चिडणं मला जास्त सवयीचं. “म्हणजे चोर छापलाय. फाशी गेलेला छापलाय. गावं जाळणारा छापलाय, चित्रासकट. आणि आमची गिरणीतली बाई तेवढी तुम्हाला जड झाली?”

तिने गुंडाळी सावकाश मिटली. पिशवीतून माझं पत्रक काढलं, सरांचं इंग्रजी आणि त्याला टाचलेलं मूळ मराठी, आणि थालीपिठाच्या ताटाशेजारी ठेवलं.

“मी तिला घ्यायला आले आहे,” ती म्हणाली. “पण आमचा नियम सरळ आहे. बायको आणि तिची मुलं झाडावर येतात. इतर कुणी नाही. घरातले तिघेजण आधीच विरोधात आहेत, आणि आता त्यांच्याकडे पुरावा आहे. तुमच्याच पत्रकात लिहिलंय, एलस्पेथ बायको होती आणि भागीरथी नव्हती. मी तुमच्याविरुद्ध तुमची बाजू कशी मांडू?”

मी पत्रक पालथं घातलं.

“ती एलस्पेथ कोण, हे तरी सापडलं का?” मी विचारलं.

“नाही. इथल्या चर्चच्या नोंदी बघून झाल्या. त्याच्या शेवटच्या पत्रात बायको म्हणून तिचं नाव आहे, पण ते पत्र तापात लिहिलेलं, असं घरचे मानतात. त्याला अर्थ लागत नाही. मला नातीला भेटू द्या. आणि हे पत्रक तिच्यासमोर वाचा. तिने ‘खोटं आहे’ म्हटलं तर मी ऐकेन.”

आम्ही टॅक्सी पकडली. पुलाच्या कामापाशी गाडी अर्धा तास अडकली. इसोबेल घड्याळ बघत होती. मी मनात पत्रकातला तो शब्द बदलून वाचायची तालीम करत होते. मावशीला इंग्रजी येत नाही, बाईला मराठी येत नाही, मधे मी एकटी. कुणाला कळणार होतं? हेही लिहून ठेवते, कारण मी ते खरंच ठरवलं होतं.

मावशी नऊवारी नेसून, चष्मा पुसून बसली होती. इसोबेल खाली चटईवर बसली. मी पत्रक उघडलं. मावशीने हात पुढे केला.

“दी हय. माका वाचता येता.”

ती ओठ हलवत वाचत गेली. बोट त्या ओळीवर थांबलं.

“ह्या तू लिवलंस?”

“हो.”

“इचारलंस कोणाक?”

“नाही मावशी.”

“माझ्या आईक तोंडावर म्हणीत,” मावशी म्हणाली. “छापलंस तू पयल्यांदा.”

मी मान वर केली नाही. इसोबेलने हळूच विचारलं, काय म्हणाल्या? मी सगळं सांगितलं. शब्द न बदलता.

मावशीने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले झालेच नव्हते. ती चिडली होती. “आणि ही एलस्पेथ म्हणजे कोण दुसरी बाय वाटली तुका? काल दुपारी तिच्या बुडावर चिंच चोळलंस ना? ती परात हाड.”

मी परात आणली. उपडी केली आणि दाराच्या उजेडात तिरकी धरली. ठिपक्यांची अक्षरं, झिजलेली पण सरळ : ‘सौ. एलसपेथ अलन आरडकारीक.’

“आजयेचा माहेरचा नाव भागीरथी,” मावशी म्हणाली. “सासरचा ह्या. लग्नात नाव बदलतत ना गो? तुझ्या आवशीचा नाय बदलला?”

माझ्या आईचं माहेरचं नाव शालिनी. सासरचं सुनंदा. हे मला माहीत होतं आणि तरी कागदावर दोन नावं दिसल्याबरोबर मी दोन बायका उभ्या केल्या, एक गोरी आणि एक बिचारी.

मी इसोबेलला सांगू लागले. मावशी बोलत होती, मी वाक्यामागून वाक्य पुढे देत होते. साहेबाच्या बाजूचं कुणीच नव्हतं, तेव्हा गिरणीतल्या जॉबरच्या (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या) बायकोने वरमाय व्हायचं ठरवलं. तिने ताटात तांदूळ पसरले, साहेबाच्या हातात अंगठी दिली आणि सांगितलं, बायकोचं नवं नाव लिही. त्याने आपल्या आईचं नाव लिहिलं. मांडव हसून लोळला. सासूचं नाव सुनेला कोण ठेवतं? त्या नावाने तिला हाक कोण मारणार? चाळीने कधीच मारली नाही. भागीच म्हणत राहिले. पण जॉबरने आहेराच्या परातीवर तेच कोरून दिलं, कारण नवऱ्याने ठेवलं ते नाव.

‘तांदूळ’ म्हटल्यावर इसोबेलने माझं मनगट धरलं.

“परत सांगा. नाव कशात लिहिलं?”

“तांदळात. ताटात पसरून.”

ती परातीवर वाकली. मग पाठ असल्यासारखं म्हणाली, “‘आई, आज मी तुझं नाव तांदळात लिहिलं आणि सगळे हसले.’ त्याच्या पत्रातलं वाक्य आहे. पणजीने कोपऱ्यात लिहून ठेवलं, तापाचा भ्रम. त्या पणजीचंही नाव एलस्पेथ. ॲलनची आई.”

मावशीने विचारलं, “काय म्हणता ती?”

“म्हणते, साहेबाने घरी कळवलं होतं. लग्न झाल्याचं. त्यांना समजलं नाही.”

“मगे आता समाजला?”

इसोबेलने गुंडाळी उलगडली, परात एका टोकावर वजन म्हणून ठेवली आणि ‘संतती नाही’ यावर पेन्सिलीने रेघ मारली. लग्न कुठल्या कायद्यात बसतं ते वकिलांनी बघावं, झाड मी लिहिते, असं काहीसं पुटपुटली. खाली मावशीच्या आईचं नाव आलं, त्याखाली मावशीचं. “पत्नी,” ती लिहिता लिहिता म्हणाली, “भागीरथी, लग्नानंतर एलस्पेथ. गाव?”

“कोळंबवाडी,” मी म्हटलं.

“वडील?”

“सखाराम.” हे मला वंशावळीतून ठाऊक होतं. आपल्याकडेही आहे ना ती, भटजींच्या चोपडीत, सात पिढ्यांची.

“आई?”

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने माझ्याकडे. तिला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. आपल्या चोपडीत सात पिढ्यांत एकही बाई नाही. गाईचोराच्या बायकोचं नावसुद्धा त्या गुंडाळीत होतं, ते मी खाणावळीत स्वतः वाचलं होतं.

इसोबेलने जागा कोरी सोडली. “रविवारपर्यंत पान थांबवते,” ती म्हणाली आणि टॅक्सीकडे गेली. मावशीने तिला वाटेत खायला दोन भाकऱ्या बांधून दिल्या. मला दिल्या नाहीत.

शुक्रवारी दादरला एका छापखान्यात नवं पत्रक छापून घेतलं. चार ओळींचं. त्यात वाक्य एकही जमलेलं नाही. छापणारे काका म्हणाले, “मथळा नाही?” म्हटलं, नको. पहिली प्रत काळाचौकीला नेऊन दिली. मावशीने वाचली, घडी करून परातीखाली ठेवली आणि पाट पुढे सरकवला. त्याच संध्याकाळी दादरहून गाडी पकडून परत आले.

शनिवारी सकाळी मी थेट भागीरथीच्या माहेरी गेले. तात्या, तिच्या भावाचा नातू, पडवीत सुपारी कातरत होते. गेल्या वर्षी यांनीच मला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, “त्या नावाची आमच्यात कोणी नव्हती” म्हणून. मी नवं पत्रक दिलं. जुन्यात काय खोटं लिहिलं ते सांगितलं. परातीचं सांगितलं. आणि विचारलं, सखारामांच्या बायकोचं नाव काय?

तात्यांनी पत्रक दोनदा वाचलं. अडकित्ता खाली ठेवला. आत गेले. मला वाटलं, दार लागणार.

ते मागल्या दाराने आले. दोन्ही हातांत तांब्याचा हंडा होता, काळाठिक्कर पडलेला. तो त्यांनी पायरीवर उपडा ठेवला. खिशातून चिंचेचा गोळा काढून माझ्या हातावर दिला.

“पणजीच्या लग्नातलो. राखेन नको,” ते म्हणाले आणि घासून होईपर्यंत पायरीवरच बसून राहिले.