आईच्या हातावरचं गोंदण आणि जपानचं गरम पाणी

आई गेली. शनिवारी दुपारी, झोपेत, पोरिरुआच्या आमच्या घरी.

फोटो टाक, असे खूप मेसेज आले.
मला जो हवाय तो फोटो काढलेलाच नाही. तिथे कॅमेऱ्याला बंदी होती. म्हणून लिहितेय.

आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, ‘जयभीम’ गोंदलेलं होतं. ती लहान असताना आजोबांनी जत्रेत गोंदवून घेतलेलं. हात वाढला तशी अक्षरंही पसरली, हिरवट झाली.

पुण्यात ती टेलिफोन ऑफिसात होती. एकदा साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही काउंटरला बसता. लांब बाह्यांचं ब्लाउज घालत जा."

"शेजारच्या बाईंच्या हातावर ॐ आहे. त्यांनाही सांगितलंत का?"

त्यांना सांगितलं नव्हतं. मग आईनेही घातलं नाही.

हे ती रागाने सांगायची नाही. मेथी निवडता निवडता सांगायची.

बाबांच्या पश्चात ती पुण्याहून इथे परदेशात माझ्याकडे आली. गुडघे धरले होते, म्हणून तिला इथल्या स्विमिंग पूलवर पाण्यातल्या व्यायामाच्या क्लासला घातलं. टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालायला तयार होईपर्यंत अर्धा हिवाळा गेला.

तिथे तिला हुइया भेटली. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आईच्याच वयाची. हनुवटीवर मोको, म्हणजे त्यांच्या घराण्याचं गोंदण.

पहिल्याच दिवशी हुइयाने आईचा हात धरून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

आईचं इंग्लिश ऑफिसातलं, नेमकं. "धिस इज हाऊ वी से हॅलो."

"कीया ओरासारखं?"

"सेम."

झालं. मैत्री जमली. पूलच्या त्या टोकाहून हुइया "जयभीम!" ओरडायची, या टोकाहून आई "कीया ओरा!"

मग आम्ही जपानला जायचं ठरवलं. आईला एकच गोष्ट करायची होती, तिथल्या गरम झऱ्यात बसायचं. गुडघ्यांसाठी.

हुइया म्हणाली, "मस्त असतं म्हणे. पण गोंदण असलं की आत घेत नाहीत. मला तर नाहीच." आणि हनुवटीवर बोट ठेवलं.

आई घरी येऊन म्हणाली, "तिकिटं कॅन्सल होतात का बघ."
होत नव्हती.

गाव डोंगरातलं, छोटं. हॉटेलातच झऱ्याच्या पाण्याचं सामाईक स्नानगृह. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि आत अंगावर काहीच घालायचं नाही. मला वाटलं, इथेच अडणार.

"सगळ्याच तशा?" आईने विचारलं.

"सगळ्याच."

"मग लाजायचं कुणाला?"

अडलं काउंटरवर. तिथल्या मुलीने आईचा हात पाहिला, कमरेत वाकून सॉरी म्हणाली आणि त्वचेच्या रंगाचा एक स्टिकर पुढे केला. गोंदण झाकलं तर आत जाता येईल.

मी आईकडे पाहिलंच नाही. आता काय होणार ते मला माहीत होतं.

आईने विचारलं, "एव्हरीबडी? ऑर ओन्ली मी?"

"एव्हरीबडी," मुलगी म्हणाली. "जपानी पीपल ऑल्सो."

आईने हात पुढे केला. "लाव."

मी थक्क. ती म्हणाली, "सगळ्यांना सारखं असेल तर माझी कुठे तक्रार आहे?"

पाणी चांगलंच कढत होतं. आई पायरी पायरीने उतरली, गळ्यापर्यंत बसली आणि इतक्या मोठ्याने "आई गं" म्हणाली की दोन बायका वळल्या.

थोड्या वेळाने स्टिकर सुटून पाण्यावर आला.

आई उठायलाच लागली. "चल. नियम म्हणजे नियम."

शेजारी एक जपानी आजी बसल्या होत्या, आईपेक्षाही म्हाताऱ्या. त्यांनी तिला खुणेने बसवलं आणि आपला तळहात त्या अक्षरांवर ठेवला. झाकलं.

बोलणं काही नाही. भाषाच नव्हती. दोघी तशाच समोरच्या डोंगराकडे बघत बसल्या.
आजींच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. आईलाही नव्हतं.

फोटो हवा होता तो हा.

बाहेर आल्यावर आईचा चेहरा लालबुंद. आता झोपेल म्हटलं, तर ती थेट काउंटरवर.

"माय फ्रेंड हॅज इट हिअर." स्वतःची हनुवटी दाखवली. "कॅन शी कम?"

मुलीने बराच वेळ विचार केला. खरंच केला. मग पुन्हा वाकली. "सॉरी. फेस, नो."

आईने मान हलवली. आवाज चढवला नाही. जिन्यात मला म्हणाली, "मग कुठे सारखं आहे? माझं झाकता येतं, तिचं येत नाही."

आमचे अजून दोन दिवस होते. ती पुन्हा आत गेली नाही.

गावात रस्त्याच्या कडेला पाय बुडवायचं एक कुंड होतं. छप्पर, लाकडी बाक, येईल त्याने बसावं. दोन्ही दिवस आई तिथे साडी पिंडऱ्यांपर्यंत घेऊन बसली. मी म्हटलं, "अगं, गुडघ्यांसाठी आलो ना आपण?" म्हणाली, "पोचतंय वरपर्यंत."

परत आल्यावर तिने हुइयाला सगळं सांगितलं. हुइया हसली. "वेडी आहेस. माझ्या वाटचं पण बसून यायचं होतंस." मग, "थँक यू, माय डार्लिंग."

परवा आईला फ्युनरल होममधून घरी आणलं. घर माणसांनी भरलं. मी चहा, खुर्च्या, पार्किंग, पुण्याचे फोन यात.

हुइया आली. खुर्ची ओढली आणि आईच्या उशाशी बसली. जेवायला उठवायला गेले तर म्हणाली, "तू तुझी कामं कर. आमच्यात माणसाला एकटं ठेवत नाहीत."

आई निघेपर्यंत ती तिथेच होती. मधेच गुणगुणत होती, मधेच आईशी बोलत होती, माओरीत. आईला त्यातलं किती कळलं असतं कोण जाणे.

काल अंत्यसंस्कार झाले. ज्यांना येता आलं नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका.

आई, नीट जा. आम्ही ठीक आहोत.