आप्पांचा कोबा

आमच्या उचगावात किस्से जमवायला कुणी कष्ट घेत नाही. कुणाच्या दारात खडी-वाळूचा ट्रॅक्टर रिकामा झाला, की निम्म्याचं बांधकाम होतं आणि निम्म्याचे किस्से!

आमचे थोरले चुलते, आप्पा, उद्यमबागच्या फाउंड्रीतून रिटायर झाले आणि आपले पाने-पकडी, खोरी, पाइप घेऊन घरात पसरले. चुलतीला सगळी गल्ली आक्का म्हणते. तिनं एक दिवस ते सगळं अंगणात काढलं आणि विचारलं, "हे भंगार ऱ्हाणार का मी?"

आप्पांनी उत्तर द्यायचा धोका पत्करला नाही. परसात शेड मारायचं ठरवलं. बिचाऱ्यांना स्वतःची एक जागा हवी होती, बाकी काही नाही.

शेडखाली काँक्रीटचा कोबा घातला. बसप्पा गवंडी जाताना बजावून गेला, "शेडची घाई करू नका आप्पा. पाणी मारा. कच्च्यावर खांब रोवला तर तडा जाईल."

झालं! फाउंड्रीत आप्पांनी कधी लेट पंच केलं नव्हतं. आता उजाडलं की खाकी शर्ट चढवून, हातात पाइप घेऊन कोब्यावर हजर!

गल्लीत तज्ज्ञांचा तुटवडा कधीच नव्हता. शेजारचे पाटील मास्तर पहिल्याच दिवशी आले, भाताचं शीत बघावं तसा कोबा अंगठ्यानं दाबला आणि म्हणाले, "शिजला न्हाय अजून." त्यांचा अंगठा कोब्यात कायमचा उमटला. आयुष्यभर पोरांना 'अंगठेबहाद्दर' म्हणणाऱ्या मास्तरांची सही अखेर तिथंच झाली!

आमच्याकडे नळाला पाणी येतं ते मेहरबानी केल्यासारखं. आल्याबरोबर आप्पा पहिला पाइप कोब्याकडे वळवायचे. आक्का रिकामी घागर घेऊन दारात उभी. शेवटी तिनं हात जोडले. "पोटाला चा न्हाय मिळाला तरी चालंल, पर तेवढा कोबा तान्हेला ठेवू नगा!"

पुढे तिनं त्यावरही तोड काढली. कोब्यावर मातीची आळी बांधून पाणी साठवलं होतं. एक दिवस आप्पा चहाला गेले, तेवढ्यात आक्कानं तिथं गोधड्या धुवायला काढल्या! आप्पा बोंबलत आले. ती शांतपणे म्हणाली, "कोबा भिजतोय, गोधड्याबी भिजत्यात. तुमचं काय जातंय?"

मग गुंजीला भाचीचं लग्न आलं. मामा म्हणून आप्पांना जाणं भाग. पाइप माझ्या हातात देऊन गेले, पण जीव इथंच. ऐन मंगलाष्टकात त्यांनी मला फोन लावला आणि ओरडले, "भिजीव! चांगला भिजीव! वाळला की तडा जातोय बघ!"

भटजी थांबले. फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू आला, "आप्पा, आधी ह्यांचं जुळू द्या. तडे मागनं बघू!"

वळवाचा पाऊस झोडपत होता, त्या संध्याकाळी तर मी डोक्याला हात लावला. आप्पा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाइप घेऊन कोब्याला पाणी मारत होते!

"आप्पा, पाऊस पडतोय की!"

"त्येचा काय भरवसा?" आप्पा म्हणाले.

आणि परवा शेडवाला आला. टेम्पोत पाइप, पत्रे, वेल्डिंग मशीन, सगळं घेऊन. आप्पा पाणी मारतच होते. म्हणाले, "आज नगं. अजून कच्चा हाय."

शेडवाल्यानं कोब्यावर दोनदा पाय आपटला. "कच्चा? आप्पा, आता हेच्यावर ट्रक उभा करा! पाइप बंद करा, खांब रोवतो. सांजच्याला तुमची शेड तयार!"

आप्पांनी नळ बंद केला. पाइपची गुंडाळी केली.

मग शेडवाल्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "आणि मग उद्यापास्नं सकाळी उठून मी काय करू रं?"